फटफटीची धग

आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो पेटवण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे, आणि घरातल्या ज्या थोड्या कामांत माझ्यावाचून अडते असे मला वाटते, त्यांतले ते एक आहे. मधल्या नळीत गोवऱ्यांचे तुकडे आणि बंबफोड घालायची, खालून काडी लावायची आणि धुराने डोळ्यांत आलेले पाणी पुसत उभे राहायचे. पोटात विस्तव आणि भोवती पाणी. विस्तवाची धग पाण्याने घ्यायची आणि ते पाणी आपण अंगावर घ्यायचे. इतकी वर्षे मी हा बंब पेटवीत आलो; पण तो मला समजला गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि तोही एका फटफटीमुळे.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. यंत्रे मी काढली आहेत ती कागदावर. अशा माणसाने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मोठी मोटारसायकल घ्यावी, याचे शेजारच्यांना नवल वाटले आणि बायकोला काळजी. गाडी लांब पल्ल्याची, उंच आणि दणकट होती. विकणाऱ्याने तिच्यावर बसून लडाख गाठलेल्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या. मला गाठायचे होते धुळे.

धुळ्याला आप्पा राहतात, म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून एकटेच असतात. जळगावला चला म्हटले, की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. हा पुढचा महिना अकरा वर्षे येतो आहे. तेव्हा दर रविवारी आम्हीच जायचे असे ठरले. मी पुढे, सौ. मागे आणि तिच्या मांडीवर आप्पांसाठी कळण्याच्या भाकरी आणि भरिताचा डबा.

जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला हा महामार्ग. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, मग एरंडोल, मग पारोळा, की पुढे धुळे. हिवाळ्यात हा रस्ता इतका सुखाचा वाटला की मी मनातल्या मनात अजिंठा आणि तोरणमाळही करून आलो. मग मार्च उजाडला.

खानदेशच्या उन्हाळ्याची ओळख बाहेरच्यांना करून द्यावी लागते. आमच्याकडच्यांना तो घरचाच. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि मग वारा हा वारा राहत नाही. आपल्या कातडीची ऊब ३५ अंशांच्या आसपास असते. वारा तिच्याहून थंड असेल तोवर तो अंगातली उष्णता नेतो. तिच्याहून तापला की उलट आणून देतो. केळीवाले हे केव्हाच ओळखून आहेत. बागेच्या कडेने शेवरी लावून ते केळीला झळांपासून आडोसा देतात. मी मात्र पहिल्या उन्हात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून निघालो आणि आंब्याच्या पन्ह्यावर दोन दिवस काढले.

पण खरे दुखणे वाऱ्याचे नव्हते, ते पायाशी होते. गाडी पळत असली की ठीक. आकाशवाणी चौकात दिव्यापाशी थांबलो, की इंजिनच्या पुढचा पंखा घुं घुं करीत सुरू व्हायचा आणि तव्यावरून उठावी तशी हवा माझ्या उजव्या नडगीवर यायची. खाली सायलेन्सरची नळी, वर मांड्यांमध्ये तापलेली टाकी. पारोळ्याच्या गर्दीत तर आपण गाडीवर बसलो आहोत की चुलीवर, असा प्रश्न पडे.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. गाडी बिघडली आहे असे माझे म्हणणे. त्याने एक फेरी मारली आणि हसला. "बिघडली नाही, सर. पेट्रोलच्या रुपयातल्या चार आण्यांवर गाडी पळते. फार तर पाच आणे धरा. बाकीच्याची धगच होते. ती कुठं तरी जाणारच."

मग त्याने मला गाडीचे पोट दाखवले, आणि मी थक्क झालो. आत आमचा बंबच होता! मध्ये विस्तव, भोवती पाणी. फरक एवढाच, की बंबातले तापलेले पाणी आपल्याला हवे असते आणि इथे ते नको असते. म्हणून ते पुढच्या जाळीत नेऊन वाऱ्यावर निववायचे आणि पुन्हा आत सोडायचे. गाडी उभी राहिली, की वाऱ्याऐवजी पंखा ते काम करतो; आणि पंख्याने पाण्यातून काढलेली धग मागे बसलेल्या माणसाच्या पायांवर येते. धुराच्या नळीचेही असेच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ सगळीकडे लागू झाले. धूर स्वच्छ करणारा डबा नळीत, बहुधा इंजिनच्या पोटाशीच असतो, आणि तो काही शे अंश तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणजे गावाची हवा शुद्ध राहावी म्हणून माझी पोटरी भाजत होती. नागरिक म्हणून मला अभिमान वाटायला हवा होता.

मिस्त्रीने आधी साधे उपाय केले. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, धूळ आणि किडे यांचा नमदा बसला होता. आमच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या चालतात, त्यांची ही देणगी. तो त्याने हलक्या हाताने, जाळीची पाती न वाकवता काढला. कूलंट बदलले, ऑइल बदलले. तापलेल्या गाडीचे रेडिएटरचे झाकण कधी उघडायचे नाही, अशी तंबी दिली. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते. सायलेन्सरच्या नळीला काचतंतूंची पट्टी गुंडाळायचा माझा हट्ट त्याने मोडून काढला. पट्टीखाली ओल राहते आणि नळी गंजते, असे त्याचे म्हणणे पडले. त्याऐवजी टाकीच्या पोटाला आणि माझ्या सीटखाली एका बाजूने चकचकीत वर्ख लावलेली जाडसर पट्टी चिकटवली आणि पंख्याच्या उजव्या अंगाला पत्र्याचा एक छोटा पंख बसवला. गरम हवा आता नडगीला न लागता बाजूने मागे जाऊ लागली.

काय सांगू, पुढच्या रविवारी मी गात गात धुळ्याला गेलो. आप्पांना पत्र्याचा पंख दाखवला, शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना त्याचे वर्णन ऐकवले. एप्रिल गेला, मे निम्मा सरला.

एका रविवारी आम्ही आप्पांच्या दारात उतरलो. मी डबा घेऊन आत गेलो. आप्पा ओट्यावरच थांबले होते. थोड्या वेळाने त्यांनी मला बाहेर हाक मारली.

"तुझ्या पायावरची धग गेली म्हणतोस ना?"

"साफ गेली, आप्पा."

"मग ती गेली कुठं?"

मी मोरीकडे पाहिले. सौ. उजव्या पायावर तांब्याने पाणी ओतीत उभी होती. घोट्याच्या वरची कातडी तळहाताएवढी लालभडक झाली होती आणि एका ठिकाणी फोड फुटून वाळला होता. मी बाजूने मागे घालवलेली हवा नेमकी तिच्या पायाच्या दांडीवर जात होती, आणि तिच्याखालीच सायलेन्सर होता.

"कधीपासून?" मी विचारले.

"झाला असेल दीड महिना."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होता," ती म्हणाली आणि पदराने पाय टिपून आत गेली.

आप्पांनी तीस वर्षे ट्रक चालवला. रावेर-सावद्याची केळी भरून ते उत्तरेकडे जात. फळांच्या खाली-वर केळीची पाने अंथरून माल गार ठेवलेला असे. त्या जुन्या ट्रकमध्ये इंजिनचे टोपण चालकाच्या डाव्या पायाशी होते. आप्पा त्यावर भिजवलेले पोते टाकीत. ते तासाभरात कडकडीत वाळे. त्यांच्या डाव्या पोटरीवर आजही केस नाहीत. लहानपणी आम्हां भावंडांना ट्रकच्या भोंग्याची भीती वाटे, कारण आप्पा घरी आले की पहिला तासभर कोणी समोर जायचे नसे. गेलो तर मार ठरलेला. त्या तासात आई त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवी, सगळे बोलणे ऐकून घेई आणि मग आम्हांला जेवायला हाक मारी. इंजिनची धग पोत्याने घेतली, पोते वाळल्यावर आप्पांच्या पायाने घेतली, आप्पांची आईने घेतली. आईकडून ती पुढे कुठे गेली, हे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी ओट्यावर बसून आप्पा बराच वेळ आपली पोटरी चोळीत होते. मला वाटते, तेही तोच विचार करीत असावेत. आम्ही दोघेही त्यावर काही बोललो नाही.

सौ. एस.टी.ने परतली आणि मी एकटा. सोमवारी मिस्त्रीकडे गेलो. या खेपेस त्याला म्हणालो, "गाडी तू चालव, मी मागे बसतो." भर दुपारी आम्ही जळगावातून फिरलो. चौकाचौकांत थांबलो. तिसऱ्या चौकात मी पाय दांडीवरून उचलला तो परत टेकवलाच नाही. तिने दीड महिना, ९० किलोमीटर जाताना आणि ९० येताना तो तिथेच ठेवला होता, आणि मांडीवरचा डबाही सांभाळला होता.

पत्र्याचा पंख आम्ही काढला आणि वाकवून असा बसवला, की हवा खाली आणि बाहेर जाईल. मागच्या दांडीजवळ सायलेन्सरला जाळीचे कवच घातले. तिच्या सीटखालीही वर्खाची पट्टी लावली. तिला घोटे झाकणारे चामडी बूट घेतले; ते पाहून ती लाजली आणि मग तिने ते साडीखालीही वापरले. दोघांनीही पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आत भिजवलेला पंचा. ओल्या कपड्यावरून गेला तर आमचा उष्ण वाराही थोडा गारवा देऊन जातो. पहाटे पाचला निघायचे, ऊन कलल्यावर परतायचे. गाडी खोळंबली की इंजिन बंद. एरंडोलला थांबून चहा, आणि चहाआधी एक प्रश्न : "पाय कसा आहे?"

एवढे करूनही धग सगळी गेली नाही. थोडी माझ्या नडगीवर परत आली आहे. पारोळ्याच्या गर्दीत ती जाणवते, तेव्हा मी गप्प बसतो आणि मागे वळून पाहतो.

गेल्या दिवाळीला आप्पांचा पुढचा महिना अखेर आला. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी बंब पेटवला. उटणे लावून आप्पा पाटावर बसले होते. मी तोटीखाली बादली भरली आणि त्यांच्याकडे नेऊ लागलो, तर त्यांनी हात आडवा केला.

"आधी सूनबाईला दे," ते म्हणाले. "तोवर मी बंबापाशी बसतो."