फेस आणि नाव

मद्यपानाचा पुरस्कार करावा असा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु कित्येक पदार्थांची चव न पाहताही त्यांच्या कहाणीची गोडी लागते. इटलीतील ‘प्रोसेक्को’ हे फेसाळ पांढरे द्राक्षमद्य आम्हांस त्यांपैकीच एक वाटते.

ग्लेरा जातीची द्राक्षे चेपून रस काढतात व तो आंबवितात. हे झाले साधे मद्य. पुढे त्यात साखर व किण्व घालून पोलादाच्या बंद टाकीत ते पुन्हा आंबू देतात. या खेपेस निघणाऱ्या वायूस बाहेर वाट नसते. तो दाबाखाली मद्यातच विरघळतो. मग टाकी थंड करून किण्वाची क्रिया थांबवितात, गाळ काढतात आणि दाब कायम राखून बाटल्या भरतात. बूच उघडताच उसळतो तो हाच कोंडलेला वायू होय. फ्रान्सच्या शॅंपेनमध्ये दुसरे आंबणे एकेका बाटलीत होते व बाटल्या महिनोन्महिने किण्वाच्या गाळावर ठेवाव्या लागतात. टाकीची युक्ती फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १८९५ साली काढली; १९०७ मध्ये यूजेन शार्मा या फ्रेंच गृहस्थाने ती सुधारली.

टाकीतले ते घाईचे, म्हणून हलके, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हे पटत नाही. लोणचे मुरल्यावाचून खाऊ नये हे खरे. पण म्हणून कोशिंबीर कोणी मुरत घालीत नाही. ग्लेराचा सारा गुण फळाफुलांच्या ताज्या सुगंधात आहे, आणि गाळावर फार काळ ठेवल्यास तोच मावळावयाचा.

खरा पेच आहे तो नावाचा. प्रोसेक्को हे त्रिएस्त शहराजवळील एका खेड्याचे नाव. पुढे ते द्राक्षाच्या जातीस चिकटले. जातीचे नाव कोणीही वापरावे! तेव्हा २००९ साली जातीस ‘ग्लेरा’ हे जुने नाव देण्यात आले आणि ‘प्रोसेक्को’ हे प्रदेशाचे नाव ठरले. वेनेतो व फ्रिउली या प्रांतांतील नऊ जिल्ह्यांची सीमा अशी आखली की, ते खेडेही आत यावे. परक्यांस अडविणारे कुंपण झाले.

परंतु कोनेल्यानो व वाल्दोब्बियादेने येथील डोंगरकऱ्यांचे काय? उभ्या चढणीवर गवताने बांधलेल्या अरुंद पायऱ्यांवर त्यांच्या वेली. तेथे यंत्र चालत नाही, घोस हातानेच खुडावे लागतात. २०१९ साली युनेस्कोने या टेकड्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांच्या मद्यास २००९ मध्येच वरची प्रतवारीही मिळाली होती. पण सपाटीवरील यंत्राने खुडलेल्या मळ्यांचे मद्यही प्रोसेक्कोच, आणि दूरचे गिऱ्हाईक तेवढा एकच शब्द वाचते व स्वस्त बाटली उचलते.

सपाटीवरच्या शेतकऱ्यानेही पोट भरावे, यात आम्हांस वावगे दिसत नाही. मात्र ज्यांच्या कष्टांनी नावास मोल आले, त्यांस त्या नावाचा योग्य दाम मिळत नसेल, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावे लागेल.