चर्चासत्रातील ‘सत्र’

प्रिय ताईंस,


विद्वानांच्या एकत्र येण्याला मराठीत जी नावे आहेत ती एकमेकांचे पर्याय नाहीत. आपल्या विभागाच्या कार्यक्रमपत्रिकेसोबत आलेल्या चिठ्ठीत ‘परिषद म्हणावे की चर्चासत्र, की दोन्ही एकच?’ असे विचारले आहे, आणि त्या प्रश्नाच्या शेवटच्या शब्दांनी पत्रलेखकाला दोन रात्री स्वस्थ झोप लागलेली नाही. एकदा जिन्यातच ज्यांनी तीन तास वाद चालवला, त्यांच्याच हातून हे शब्द उतरावेत याचे नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

‘परिषद’ हा शब्द बसणे या अर्थाच्या ‘सद्’ धातूला ‘परि’ हा उपसर्ग लागून झाला असून सभोवार बसलेल्यांचा समूह हा त्याचा मूळ अर्थ आहे. तरुण श्वेतकेतू पांचालांच्या बैठकीत जातो ती कथा छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत येते. पहिल्यात त्या बैठकीला समिती म्हटले आहे, तर दुसऱ्यात परिषद. तेथे त्या तरुणाला पाच प्रश्न विचारले जातात, एकाचेही उत्तर त्याला देता येत नाही आणि तो खिन्न होऊन पित्याकडे परततो. पुढे मनुस्मृतीत धर्माचा निर्णय देणारी परिषद दहा जणांची, आणि निदान तिघांची, सांगितली आहे. त्यामुळे परिषदेत अधिकाराची आणि स्थैर्याची छटा आली, आणि म्हणूनच 1906 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या साहित्यसंस्थेला महाराष्ट्र साहित्य परिषद हे नाव शोभले. पुण्यातच 1919 मध्ये भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली प्राच्यविद्या परिषद हा मात्र प्रसंग होता, संस्थेची इमारत नव्हे. एकच शब्द असा दोन्हीकडे चालतो, हे मान्य केले पाहिजे.

‘संमेलन’ म्हणजे नुसते एकत्र मिळणे, आणि त्यात स्नेह प्रधान असतो, निर्णय नसतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकार जमले, त्या मेळाव्यापासून साहित्य संमेलनांची परंपरा मोजतात. मात्र 1885 च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले, हे विसरता येत नाही, कारण सभेच्या नावात कोण मावतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न त्या पत्राने कायमचा उभा केला. ‘परिसंवाद’ म्हणजे एकाच विषयाच्या वेगवेगळ्या बाजू मोजक्या निमंत्रितांनी मांडणे, आणि ‘कार्यशाळा’ म्हणजे हाताने करून शिकणे. या दोहोंविषयी आपला गोंधळ नाही.

गोंधळ आहे तो चर्चासत्राविषयी. ‘सत्र’ हा आज शाळेच्या सहामाहीला आणि न्यायालयालाही लागणारा शब्द मूळचा यज्ञातला आहे. बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत, आणि त्याचा विशेष असा की त्यात ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म करणारे पुरोहित, स्वतःच यजमान असत. कोणी कोणाला दक्षिणा देत नसे, आणि फळ सर्वांचे समान असे. नैमिषारण्यात शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रातच सौतीने महाभारत सांगितले, अशी त्या ग्रंथाची चौकट आहे. चर्चासत्र हे नाव पहिल्यांदा कोणी योजले असेल त्याच्या मनात हा अर्थ असो वा नसो, शब्दाने तो जपून ठेवला आहे: जेथे सर्व यजमान आहेत, नुसता श्रोता कोणीच नाही, ते सत्र. ज्या ‘सेमिनार’चे हे भाषांतर समजतात, तो शब्दही रोपवाटिका या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून जर्मन विद्यापीठांत त्याचा अर्थ एका अध्यापकाभोवती बसून मूळ साधने तपासणारे थोडे विद्यार्थी असा होता.

आता आपली पत्रिका पाहावी. दोन दिवस, चार दालने, चौसष्ट निबंध, प्रत्येकाला आठ मिनिटे आणि प्रश्नांसाठी ‘वेळ उरल्यास’. न्यायशास्त्राने तत्त्व जाणण्यासाठी केलेल्या चर्चेला ‘वाद’, जिंकण्यासाठी केलेल्या चर्चेला ‘जल्प’ आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करण्याला ‘वितंडा’ म्हटले. या तिन्हींना निदान दुसरा पक्ष लागतो, आणि येथे तर दुसऱ्या पक्षाला बोलण्यास जागाच ठेवलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने निबंधवाचनाला कार्यक्रमाच्या स्तरानुसार गुण दिले, तेव्हापासून नामापेक्षा त्याच्या आधीचे ‘राष्ट्रीय’ हे विशेषण जड झाले, ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. तरीही चौसष्ट जणांपैकी निम्मे संशोधक विद्यार्थी आहेत, आणि आयुष्यातला पहिला निबंध रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचून प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्या मुलाला चर्चा म्हणजे एवढेच असे वाटू लागले, तर पुढे त्याला वेगळे कोण शिकवणार, ही काळजी राहून राहून वाटते.

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांत एखादा नवा कागद वाचला जाई आणि त्याच्या तारखेवरून खल होई, त्याला कोणी चर्चासत्र म्हटले नाही. वेळ मात्र दिला.

पत्रिका अजून छपाईला गेली नसल्यास निबंध सोळावर आणावेत, उरलेले आधी वाटून द्यावेत आणि दुसऱ्या दिवसाची दुपार मोकळी ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान ‘परिषद’ हा शब्द घालावा. कोणते ठरले ते शुक्रवारपर्यंत कळवावे. दाराजवळची खुर्ची पत्रलेखकासाठी राखून ठेवावी, गुडघ्याचे दुखणे आपणांस ठाऊकच आहे.

आपला स्नेहांकित