हाफ-एल्फ कुठे गेला?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. ठाण्यात शिकणारा माझा भाचा सुट्टीत शहापूरला आला की आमच्याकडे डाव मांडतो. २०२४ मध्ये खेळाडूंचं नियमपुस्तक नव्यानं निघालं.

२०१४ च्या पुस्तकात पात्राचा वंश त्याचे गुण ठरवायचा. हाफ-ऑर्कला ताकदीचे दोन गुण जन्मतः जादा, हाय एल्फला बुद्धीचा एक. आता 'वंश' जाऊन 'प्रजाती' आली आणि जादा गुण पार्श्वभूमीवरून मिळतात: शेतकरी होतास, सैनिक की लेखनिक?

'कातकऱ्याचं पोर, त्याला गणित काय येणार', 'मुसलमानांचं मराठी कच्चंच' ही वाक्यं शहापूर-मुरबाडकडे मी कित्येकदा ऐकली आहेत. त्यामागे हाच जुना नियम. निदान खेळात तरी तो खोडला गेला, बरं वाटलं.

पण नव्या पुस्तकात प्रजाती दहाच. माणूस आणि एल्फ यांचं मूल असलेला हाफ-एल्फ त्यात नाही, हाफ-ऑर्कही नाही.

"मामू, जुन्या पुस्तकातला घेता येतो की," भाचा म्हणतो.

येतो. पण मी उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. घरची बोली दोन्हींच्या मधली. 'तुम्ही नक्की कुठले?' हे मला नेहमी विचारलं जातं. 'अर्धा' हा शब्द टोचत असेल तर शब्द बदला. माणूस का वगळता?

येत्या सुट्टीत मी हाफ-एल्फच घेणार. पार्श्वभूमी: शेतकरी.