शिंदीचा गूळ

शिंदी हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सभ्य माणसे दुसरीकडे पाहू लागतात. वस्तुतः यात त्या झाडाचा काहीएक अपराध नाही. कोणी लावले नसता ते ओढ्याकाठी उगवते, कोणी पाणी घातले नसता वाढते. त्याच्या पानांच्या केरसुण्या आपल्या घरोघरी फिरतात, चटया अंथरल्या जातात, आणि पिकलेल्या शिंदोळ्या गुरे राखणारी पोरे वेचून खातात. परंतु त्याच्या रसाची दारू होते, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून झाड जन्माचे बदनाम झाले. त्याच रसाचा उत्तम गूळ होतो, हे मात्र आमच्या अमरगोळ-हुबळीच्या पट्ट्यात फारच थोड्यांस ठाऊक आहे. हा उद्योग येथील काही मंडळींनी, विशेषतः ज्यांच्या हाताला थंडीच्या दिवसांत पुरेसे काम नसते त्यांनी, हाती घ्यावा, असे आम्हांस फार वाटते. म्हणून हे चार शब्द.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका परदेशी बाटलीमुळे. कॅनडात स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने मेपल नावाच्या झाडाचा पाक आम्हांस भेट दिला. तिकडील क्वेबेक प्रांतात हा पाक इतका होतो की जगातील सुमारे सत्तर टक्के पाक तेथूनच येतो. हिवाळा सरत आला, रात्री बर्फ पडावयाचा पण दिवसा ऊन वितळवावयाचे, असे दिवस आले की शेतकरी झाडाच्या बुंध्यास लहानसे छिद्र पाडतो, त्यात तोटी बसवितो आणि थेंब थेंब गळणारा रस गोळा करतो. फ्रेंच लोक तेथे जाण्यापूर्वीच तेथील मूळ रहिवाशांना ही विद्या अवगत होती. त्या रसात साखर असते ती शेकडा दोन भागांच्या आसपास. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कोठे एक लिटर पाक हाती येतो! तरीही त्या शेतकऱ्यांनी 1966 साली आपला संघ उभारला, आणि पुढे भाव पडू नये म्हणून पाकाची पिंपे कोठारात राखून ठेवण्याची व्यवस्था केली. 2011-12 साली त्या कोठारातून जवळजवळ तीन हजार टन पाक चोरांनी लांबविला. झाडाच्या रसावर दरोडा पडावा एवढे त्याचे मोल त्या लोकांनी वाढविले, याचेच आम्हांस अधिक नवल वाटले.

मग आम्ही आमच्या झाडाचा हिशेब मांडला. शिंदीच्या ताज्या रसात साखर दहा टक्क्यांच्या आगेमागे असते. म्हणजे आठ-दहा लिटर रसात एक किलो गूळ. जे झाड चाळीसाला एक देते त्याची पूजा होते, आणि जे दहाला एक देते ते आम्ही बांध साफ करताना कुऱ्हाडीने तोडतो.

हे काम कसे चालते ते पाहावयाचे असेल तर बंगालकडे पाहावे. तेथे याच झाडाला खेजूर म्हणतात, आणि त्याच्या नव्या गुळावाचून तेथील लोकांना हिवाळा हिवाळा वाटत नाही. पावसाळा संपला की कसबी माणूस झाडावर चढून शेंड्याखालच्या एका बाजूची जुनी पाने उतरवितो आणि तेथील साल तासून आतला पांढरा, कोवळा भाग उघडा करतो. तो काही दिवस तसाच सुकू देतात. नंतर धारदार कोयत्याने पातळ काप घेऊन खाली बांबूची पन्हळ ठोकावयाची आणि संध्याकाळी मडके बांधावयाचे. सूर्य वर येण्यापूर्वी ते उतरवावयाचे. ओळीने दोन-तीन रात्री रस घेतला की झाडाला तितकीच विश्रांती. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत स्वच्छ व गोड. त्याला बंगाली लोक जिरान रस म्हणतात. पुढील वर्षी काप उलट्या बाजूस घेतात, त्यामुळे जुन्या झाडाचा बुंधा नागमोडी दिसतो आणि त्यावरून झाडाने किती हिवाळे रस दिला हे मोजता येते. लोभाने खोल काप घेणाऱ्याचे झाड मरते. हलक्या हाताने घेणाऱ्याला ते वर्षानुवर्षे पुरते.

थंडी जितकी कडक तितका रस चांगला, कारण उष्ण हवेत तो लवकर आंबतो. बंगाली माणूस मडके रोज धुऊन धुरावर शेकतो. माडाच्या व ताडाच्या नीरेसाठी मडक्यास आतून चुना लावतात. हेतू एकच, रस सकाळपर्यंत गोड राहावा. उन्हे वर येण्याच्या आत तो काहिलीत पडला पाहिजे, यात सवलत नाही. त्यापुढील काम उसाच्या गुळासारखेच. गाळावा, आटवावा, मळी काढावी, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी धरते का पाहावे. आपल्याकडे गुऱ्हाळावर आयुष्य घालविलेले गुळवे अद्याप आहेत. त्यांना हे शिकवावयास नकोच. चुलवणात जाळावयास पऱ्हाट्या आहेत, झाडावरून उतरविलेली वाळकी पाने आहेत. जळण विकत घ्यावे लागले तर मात्र हा धंदा परवडणार नाही.

आता कोणी म्हणेल, बंगाल दूर आहे. मग जवळचे उदाहरण घ्या. दक्षिण मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीच्या रेल्वे कारखान्यात गोव्याची कुटुंबे नोकरीस आली, आणि त्यांच्याबरोबर नाताळात माडाचा काळाभोर गूळ आला. त्या गुळावाचून दोदोल होत नाही हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. गोव्यातील रेंदेर माडावर दिवसातून तीन वेळा चढतो. दोनदा सूर उतरविण्यास, एकदा पोय तासण्यास. त्या सुरेचाच हा गूळ. उत्तर कोकणात वसई-डहाणूच्या पट्ट्यात ताडाचा रस उतरविणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वर्ध्यास 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाल्यावर श्री. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामास वाहून घेतले, आणि स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारचे या उद्योगाचे सल्लागार झाले. गांधीजींना ही कल्पना पटली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते: ऊस चांगली जमीन आणि भरपूर पाणी मागतो, ताड-शिंदी पडीक जमिनीवर आपोआप वाढतात, मग गरिबाने गुळासाठी कोणाच्या तोंडाकडे का पाहावे?

त्या काळी आमचा धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा वसईस लागू झाला तसा येथेही लागू झाला. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दोघांचा कारभार एकच. ताडी बंद झाली तेव्हा रस उतरविणाऱ्यांच्या पोटाची सोय म्हणून नीरा आणि ताडगूळ पुढे आले. मग हा उद्योग मूळ का धरू शकला नाही? आमच्या मते कारणे तीन-चार आहेत, पण मुख्य कारण एकच. रस आंबू दिला तर श्रमावाचून दाम येतो. आटवावा तर जळण, घाम आणि वेळ लागून तेवढाच दाम येतो. गरीब माणसाने पहिला मार्ग धरला तर त्याला दोष देणे सोपे आहे, पण गुळाला दारूपेक्षा चांगला भाव मिळवून देणे हे काम समाजाने केले नाही. साखर स्वस्त झाली, आणि 1878 च्या अबकारी कायद्यापासून झाडामागे कर व परवाना यांचा जो धाक बसला होता तोही होताच.

याच ठिकाणी काही वाचक आम्हांस अडवतील. एका माउलीने तर तोंडावर विचारले, “फादर, दारूने आमचे घर बुडाले, आणि तुम्ही पोरांना शिंदीच्या झाडावर चढावयास सांगता?” प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्याचा अधिकार तिने फार मोठी किंमत देऊन मिळविला आहे. दारूने काय होते हे आम्ही घरोघरी जाऊन पाहिले आहे. म्हणूनच आमचा आग्रह असा की हे काम एकट्यादुकट्याने करूच नये. पाच-सात घरांनी मिळून करावे, काहील एक असावी, रस मोजून घ्यावा आणि सर्वांदेखत आटवावा. उघड्यावर, दहा माणसांसमोर, सकाळी आठ वाजेपर्यंत काहिलीत पडलेल्या रसाची दारू होत नाही. अबकारी खात्याच्या लेखी परवानगीवाचून एकाही झाडास कोयता लावू नये, हे वेगळे सांगावयास नको. माडाच्या नीरेसाठी कर्नाटक सरकारने परवान्याची वाट मोकळी केली आहे. शिंदीसाठी अर्ज करावयाचा तो कार्यालयात जाऊन, नीट विचारून करावा.

आणखी एक गोष्ट जन्मदात्यांनी लक्षपूर्वक वाचावी. शिंदीचा कच्चा रस पिऊ नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. रात्री वटवाघळे या रसावर येतात, आणि त्यांच्या लाळेतून व मूत्रातून निपाह नावाच्या प्राणघातक रोगाचा विषाणू रसात उतरतो. बांगलादेशात 2001 सालापासून या रोगाने माणसे दगावत आली आहेत, आणि कच्चा रस पिणे हे तेथे त्याचे एक प्रमुख कारण ठरले आहे. मडक्यावर व कापावर बांबूची विणलेली झापड बांधली तर वटवाघूळ पोहोचत नाही; उकळून केलेल्या गुळात ते भय राहत नाही. गूळ औषधी आहे अशा जाहिराती आम्हांस पसंत नाहीत. मधुमेह्याला शिंदीचा गूळ उसाच्या गुळाइतकाच वर्ज्य. त्याची थोरवी चवीत आहे, तेवढी पुरे.

आणि चढणाऱ्या माणसाचे काय? शिंदी माडाइतकी उंच नसते, तरुण झाडाला तर शिडी पुरते. परंतु तिच्या पानांच्या देठाशी सुईसारखे काटे असतात आणि पायाखाली दव असते. गोव्यात आज रेंदेराची मुले माडावर चढत नाहीत. पडण्याचे भय हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे असे की रेंदेराच्या मुलाला मुलगी देताना लोक विचार करतात. गूळ सर्वांना हवा, पण गूळ देणारा जावई नको! जोवर आम्ही त्याच्या कसबाला सुताराच्या वा गवंड्याच्या कसबाएवढा मान आणि मजुरी देत नाही, तोवर तरुणांना उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही. कमरेचा पट्टा, मजबूत दोर आणि अपघाताचा विमा, यांचा खर्च गुळाच्या भावात धरलाच पाहिजे, मग भाव चढा होवो.

चढा भाव देणारे गिऱ्हाईक मिळेल का? आमच्या अमरगोळच्या बाजार आवारात कोल्हापूरच्या वा महालिंगपूरच्या उसाच्या ढेपेशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. तेथे आपण हरणारच. हा गूळ थोडा होईल, आणि थोडाच राहावा. बंगालमध्ये मागणी वाढली तशी त्यात साखर मिसळणारे निघाले आणि चांगल्या गुळाचे नाव त्यांनी घालविले. नाताळापूर्वीच्या आठवड्यांत करंज्या-दोदोल करणारी घरे, मिठाईवाले, आणि चव ओळखणारी शहरी मंडळी एवढे गिऱ्हाईक आरंभास पुष्कळ आहे.

यंदा काम सुरू करावयाचे तर दिवस फार नाहीत. बांधावरची झाडे कोणाच्या मालकीची आहेत हे आताच विचारून ठेवावे, परवान्याचा अर्ज पावसाळ्यातच द्यावा, कारण दिवाळी झाली की पाने उतरविण्यास लागावयाचे आहे. झाडामागे दोन मडकी धरावीत, एक बांधावयास आणि एक शेकावयास. पहिल्या वर्षी दहा झाडांवर जाऊ नये. काहील विकत घेण्याची घाई नको. ज्यांचे गुऱ्हाळ बंद पडले आहे अशा एका शेतकऱ्याने आपली काहील आमच्याकडे आणून ठेवली आहे, तिला एका बाजूस ठिगळ लावावे लागेल.