तिसरी उशी

‘दमेकरी सहसा मरत नाहीं’ हा आमच्या घराण्यांतला जुना समज. आजोबा दम्यासह ८२ वर्षें जगले, त्यामुळें तो अधिकच दृढ झाला. मला हा विकार नवव्या वर्षापासून. पुढें वर्गांत खडूची धूळ खाल्ली, आणि निवृत्तीनंतर नेरूळला आलों तों इकडे ठाणें-बेलापूर पट्ट्यांतल्या कारखान्यांचा धूर व खाडीकडची दमट हवा! धाप लागली कीं पंप घ्यावा आणि स्वस्थ बसावें, हा नित्याचा परिपाठ.

गेल्या आषाढांत मात्र स्टेशनचा जिना चढतांना लागलेली धाप पंपानें हटेना. रात्रीं आडवें झालें कीं जीव घाबरा होई, उठून बसलें कीं बरें वाटे. चरकाच्या चिकित्सास्थानांतला सतरावा अध्याय मीं हौसेनें अनेकदां वाचलेला. तमकश्वासाचा रोगी निजला असतां तळमळतो व बसला असतां त्याला सुख वाटतें, ढग-पाऊस-थंडीनें त्याचा विकार वाढतो, असें तेथें सांगितलें आहे. माझीं लक्षणें तंतोतंत जुळलीं! एका डॉक्टरांनींही ‘दमा’ एवढा शब्द ऐकून पंपाची मात्रा वाढविली. पण त्यांना काय दोष द्यावा? निदान मींच करून त्यांच्यापुढें ठेवलें होतें.

एके सकाळीं अंथरूण काढतांना सौभाग्यवतीनें विचारलें, ‘‘अहो, छातीची शिट्टी तर ऐकूं येत नाहीं, मग ह्या उशा दोनाच्या तीन कशा झाल्या? आणि पाय पाहिलेत का?’’ घोट्यावर बोट दाबलें तों खळगा तसाच राहिला.

वाशीच्या हृदयरोगतज्ज्ञांनीं कार्डिओग्राम व इको करविला. हृदयाचा डावा कप्पा दुबळा झाला होता. तो रक्त पुरेसें पुढें लोटीना, म्हणून फुप्फुसांत पाणी सांचून निजल्यावर धाप लागे. ती धाप दम्याची नव्हतीच. रक्तदाब तर मीं कित्येक वर्षें मोजविला नव्हता. दीर्घकाळ टिकलेल्या दम्यांत हृदयविकार अधिक आढळतात, असें ते म्हणाले; 2018 सालीं प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेंतील सुमारें 54,000 लोकांच्या पाहणींत दमेकऱ्यांमध्यें हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार अधिक दिसला होता. श्वासनलिकांतील दाह रक्तवाहिन्यांनाही बाधत असावा, असा तर्क आहे. प्रत्येक दमेकऱ्याला हें होतेंच असें नाहीं.

खरी पंचाईत औषधांची. हृदयाची गति मंदावणाऱ्या कांहीं गोळ्या श्वासनलिका आकुंचित करतात; काचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबसुद्धां दमा उसळवूं शकतात. हृदयरोग्याला पुष्कळदां देतात ती ॲस्पिरिन कांहीं दमेकऱ्यांना सोसत नाहीं. मुलाच्या मुंजींत डोकें दुखतें म्हणून घेतलेल्या त्याच गोळीनें मला मंडपांत कसा कोंडमारा झाला होता, हें डॉक्टरांना सौभाग्यवतीनेंच सांगितलें. मी विसरलों होतों! त्यांनीं तें ठळक अक्षरांत कागदावर लिहून ठेवलें, आणि दम्याचा पंप मनानें बंद करूं नका, अशीही ताकीद दिली.

आतां रोज सकाळीं चहापूर्वीं वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहितों; दोन-तीन दिवसांत तें एकदम वाढलें तर अंगांत पाणी सांचूं लागलें असें समजावयाचें. उशी एकच असते. दुसरी मागितली तर सौभाग्यवती आधीं माझे घोटे दाबून पाहते.