पंच्याऐंशी लेखांतला चौपन्नावा

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यास अभिवादन करून आपण परततो. त्याच आवारात अलेक्झांडर हॅमिल्टनचा पुतळाही उभा आहे. हॅमिल्टन आणि जॉन जे हे दोघेही याच संस्थेचे, ती किंग्ज कॉलेज म्हणून ओळखली जात असतानाचे विद्यार्थी. नव्या राज्यघटनेला न्यूयॉर्क राज्याने मान्यता द्यावी, म्हणून या दोघांनी आणि जेम्स मॅडिसनने 1787-88 मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने 85 लेख लिहिले. 'द फेडरलिस्ट' या नावाने ते ग्रंथरूप झाले. कामावर जाता-येता रेल्वेत मी ते हिवाळाभर वाचले.

युक्तिवादाची शिस्त पाहून मन प्रसन्न होते. चौपन्नाव्या लेखापाशी मात्र मी थबकलो. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे मोजायची, या तरतुदीचे ते समर्थन. गुलामाला मत नाही. त्याच्या नावावर वाढलेल्या जागा मालकांच्या राज्यांच्या पदरात! बहुधा मॅडिसनचा असलेला हा लेख समर्थनाचे शब्द दक्षिणेतल्या एका कल्पित गृहस्थाच्या तोंडी घालतो: कायदा गुलामाला अंशतः माणूस मानतो, अंशतः मालमत्ता. मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. निदान लेखात गुलामांना गुलाम म्हटले तरी आहे. ज्या घटनेची तो वकिली करतो, तिच्यात तेही नाही. तिथे आहेत 'इतर व्यक्ती'. गुलामगिरीचे नाव घटनेत आले ते 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने, ती संपवताना.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद 17 त्या रात्री पुन्हा वाचला. अस्पृश्यता तिथे नावानिशी आहे आणि नावानिशीच नष्ट केली आहे.

हा फरक आपल्यासाठी पुस्तकी नाही. सिएटल नगर परिषदेने 2023 मध्ये भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक राज्यपालांनी नाकारले. प्रचलित कायद्यांत हे संरक्षण आहेच, असे त्यांचे कारण. चौऱ्याऐंशीव्या लेखात हॅमिल्टनही हक्कांच्या सनदेविषयी म्हणतो की ती अनावश्यक आहे, उलट धोक्याचीच. अनेकांना ते पटले नाही. पुढे 1789 मध्ये दुरुस्त्या मांडल्या त्या मॅडिसननेच, आणि 1791 मध्ये त्यांपैकी दहा घटनेत आल्या.

जातीचे नाव कायद्यात आले तर आपली मुले उघडी पडतील, असे आपल्यातल्याही काही कुटुंबांना वाटते. ही भीती मला परकी नाही. आडनावावरून उलगडा झाला नाही की मूळ गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, असे विचारत जाणारे सहकारी मलाही भेटले आहेत. एकदा तक्रार नोंदवायला बसलो, तेव्हा अर्जात निवडण्यासाठी वंश होता, धर्म होता, राष्ट्रीयत्व होते. मी 'इतर' वर खूण केली.