पृथ्वीचे शेपूट

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची एक आकृती असते. पोटात पट्टीचुंबक आणि दोन्ही अंगांना सारख्याच कमानी. सुबक काढली की गुण मिळतात. परंतु ती खरी आहे पृथ्वीच्या अंगणापुरतीच. सूर्याकडून सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने येणारा सौरवारा दिवसाच्या बाजूच्या कमानी दाबतो आणि रात्रीच्या बाजूच्या लांबवर ओढत नेतो, ओढ्यातल्या खडकावरचे शेवाळ प्रवाहात लांबत जावे तशा. हे पृथ्वीचे चुंबकीय शेपूट. 1963 च्या अखेरीस सुटलेल्या आयएमपी-1 यानाच्या नोंदींतून नॉर्मन नेस यांनी ते दाखवून दिले.

या शेपटाला दोन पदर. उत्तरेकडच्या पदरातील बलरेषा पृथ्वीकडे येतात, दक्षिणेकडच्या तिच्यापासून दूर जातात. मध्ये तप्त प्लाझ्माची चादर. चादर आपली म्हणायची, एका घनसेंटीमीटरमध्ये धड एक कणही सापडायचा नाही! विरुद्ध दिशांच्या रेषा या चादरीत जवळ आल्या की तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी 1961 मध्येच मांडली होती. तुटण्याच्या जागेच्या अलीकडचा प्लाझ्मा पृथ्वीकडे धावतो, पलीकडचा शेपटाच्या टोकाकडे.

पण हे पाहिले कोणी? 1983 साली आय.एस.ई.ई.-3 हे यान शेपटात पृथ्वीच्या 220 त्रिज्यांहूनही पुढे, म्हणजे 14 लाख किलोमीटरपलीकडे जाऊन आले. तिथले क्षेत्र दहा नॅनोटेस्लाच्या आसपास. आपल्या बेळगावात ते चाळीस हजारांच्या घरात. एवढ्या दूर प्लाझ्मा जवळजवळ नेहमी पृथ्वीपासून दूरच वाहताना आढळला. मधूनच क्षेत्र उत्तरेकडे कलायचे, मग दक्षिणेकडे, आणि प्रवाहाला वेग यायचा. त्याच्या अर्धा तास आधी पृथ्वीवर चुंबकीय खळबळ झालेली असे. अर्थ असा, की पृथ्वीच्या जवळपास शेपूट तुटून प्लाझ्माचा एक बंद गोळा सुटला होता आणि तोच यानावरून गेला. गाडी न पाहता रुळांच्या थरथरण्यावरून ती कुठून, किती वाजता सुटली हे सांगावे, तसे हे. मला तर याचेच वेड लागले आहे.

आमच्या आप्पांना नाही. त्यांनी बँकेच्या परीक्षेचे पुस्तक आणून ठेवले आहे, मला एम.एस्सी. करायचे आहे. "शेपटानं पोट भरतं काय?" हा त्यांचा प्रश्न. उपग्रहांचे बिघाड वगैरे उपयोग सांगता येतात, पण खरे सांगायचे तर मी त्यासाठी वाचत नाही.

कोजागिरीला, म्हणजे आमच्या कन्नड मित्रांच्या शीगी हुण्णिमेला, गच्चीवर दूध पिताना मी त्यांना एवढेच सांगितले, की चंद्र दर पौर्णिमेला या शेपटातून जातो. आत्ताही तो आतच आहे.

आप्पा वर पाहत राहिले. "मग तिथं त्याला सूर्याचं वारं लागत नसेल की रे?"

प्रश्न नेमका होता. सौरवाऱ्यातील हायड्रोजनमुळे चंद्राच्या मातीत पाणी तयार होते, असे मानतात. शेपटात तो वारा जवळजवळ पोहोचत नाही, म्हणजे पाणी तयार होणे थांबायला हवे. 2008 साली गेलेल्या आपल्या चांद्रयान-1 वरील एका उपकरणाच्या नोंदी हवाई विद्यापीठातील शुआई ली आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. 2023 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की शेपटातही ते जवळजवळ तसेच चालू राहते.

"मग करतंय कोण ते?"

"शेपटातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर संशय आहे."

"संशय. म्हणजे नक्की नाही."

"नाही, आप्पा. नक्की नाही."